जुन्या संगणकावर स्टेलेरियम चालत नाही? नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे करून बघा

"मॅडम, याच्यावर सगळं काळंच दिसून राहिलं."

आठवीतल्या एका मुलीनं हे सांगितलं तेव्हा संगणक कक्षात माझ्यासमोर १२ संगणक सुरू होते. पेन ड्राइव्हवरून सगळीकडे तेच स्टेलेरियम, म्हणजे पडद्यावर आकाश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर, बसवलं होतं. ५ पडद्यांवर छान आकाश उगवलं. बाकी ७ पैकी काहींवर नुसता काळोख, काहींवर "ओपनजीएल अपुरं आहे" अशा अर्थाची इंग्रजी चौकट. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या एका दुकानात विचारलं, तर त्यांनी सातही संगणकांना नवं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र काढणारा भाग) बसवायचा सल्ला दिला. मी पालकसभेत वर्गणीचा विषय काढायच्या तयारीत होते.

शेवटी एकही कार्ड घ्यावं लागलं नाही. सातांपैकी तिघांमध्ये ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअरच नव्हतं. दोघांवर स्टेलेरियम वेगळ्या पद्धतीनं सुरू करायचं होतं. एकाची मॉनिटरची केबल चुकीच्या जागी लागली होती. आणि एक इतका जुना होता की त्याला दुसरं, हलकं सॉफ्टवेअर दिलं. हे कळायला मला तीन आठवडे लागले. तुम्हाला एक दुपार पुरावी म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे. मी नागपूरची विज्ञान शिक्षिका आहे, संगणक अभियंता नाही. त्यामुळे मला कळलं ते तुम्हालाही नक्की कळेल.

एक सूचना: आज्ञा, बटणं आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.

हाताशी काय ठेवायचं

- संगणकाचा प्रशासक पासवर्ड. शाळेचा संगणक असेल तर तो आधी मागून घ्या. निम्मा वेळ त्यातच जातो.
- इंटरनेट, किंवा दुसरीकडून डाउनलोड करून आणायला १६ जीबीचा पेन ड्राइव्ह.
- संगणकाचं किंवा मदरबोर्डाचं मॉडेल लिहून ठेवायला वही. प्रत्येक संगणकाला एक पान द्या.
- स्टेलेरियमच्या दोन आवृत्त्या: विंडोज १० आणि पुढची, तसंच विंडोज ७ आणि पुढची. दोन्ही का, ते चौथ्या पायरीत येईल.
- मोबाइल, पडद्यावर बिघाडाचा संदेश आला तर त्याचा फोटो काढायला. संदेश बंद करण्याआधी फोटो काढायची सवय लावून घ्या.

१. आधी एवढं समजून घ्या: अडतं ते बहुतेक वेळा भाषेवर

स्टेलेरियम फाब्यां शेरो या फ्रेंच प्रोग्रामरनं २००० साली सुरू केलं. तेव्हापासून ते जगभरातले स्वयंसेवक मिळून वाढवत आले आहेत. आकाश रंगवण्यासाठी ते ग्राफिक्स कार्डाशी ओपनजीएल नावाच्या भाषेत बोलतं. ही भाषा १९९२ पासूनची. तिच्या पायऱ्या वाढत गेल्या: २००८ मध्ये ३.०, २०१० मध्ये ३.३, २०१७ मध्ये ४.६.

कार्ड हा कारागीर धरला, तर ड्रायव्हर हा दुभाषी. कारागीर कितीही कसबी असो, दुभाषी नसेल तर त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नाही. विंडोजमध्ये ड्रायव्हर नसेल तर विंडोज स्वतःचा एक कामचलाऊ दुभाषी देतं आणि त्याला ओपनजीएल १.१ एवढंच येतं. ती १९९७ ची भाषा आहे. स्टेलेरियमला किमान ओपनजीएल ३.० आणि त्यासोबतची जीएलएसएल १.३ ही छटाभाषा (रंग-प्रकाश कसा काढायचा ते कार्डाला सांगणारी) लागते, किंवा मग ओपनजीएल ईएस २.० हा तिचा मोबाइलवर वापरला जाणारा धाकटा अवतार. ३.३ किंवा पुढचं मिळालं तर उत्तम.

म्हणून "माझं कार्ड कोणतं?" या प्रश्नापाशी थांबू नका. "माझा संगणक आत्ता, या क्षणी, ओपनजीएलची कोणती आवृत्ती देतो आहे?" हा प्रश्न विचारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच उत्तराभोवती आहेत.

२. कार्ड ओळखा

विंडोजमध्ये स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्यात डिस्प्ले अडॅप्टर्सपुढचा बाण दाबा. जे नाव दिसेल ते जसंच्या तसं वहीत लिहा. दोन नावं दिसली तर दोन्ही लिहा.

"मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असं नाव दिसलं तर तिथंच निदान झालं: ड्रायव्हर नाही. थेट तिसऱ्या पायरीकडे जा. आमच्या तीन संगणकांवर हेच होतं. दुरुस्तीला आलेल्या माणसानं विंडोज नव्यानं टाकून दिलं होतं, ड्रायव्हर टाकले नव्हते. वर्ड आणि ब्राउझर व्यवस्थित चालत असल्यामुळे वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही.

इथला एक सापळा: अनेक जण डी-एक्स-डायग हे विंडोजमधलं तपासणीचं साधन चालवून बघायला सांगतात. त्यात कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरची तारीख मिळते, ते उपयोगी आहे. पण त्यात दिसणारा १२ चा आकडा डायरेक्टएक्सचा, म्हणजे कार्डाशी बोलायच्या मायक्रोसॉफ्टच्या वेगळ्या भाषेचा असतो, ओपनजीएलचा नाही. मी तो आकडा पाहून "हा तर एकदम नवा संगणक" असं ठरवून दोन दिवस भलत्याच गोष्टी तपासत बसले होते.

लिनक्सवर मेसा-युटिल्स हे पॅकेज बसवा आणि टर्मिनलमध्ये जी-एल-एक्स-इन्फो, जागा, उणे चिन्ह, मोठं बी असं टाइप करा. कार्ड, ड्रायव्हर आणि ओपनजीएलची आवृत्ती एकाच जागी मिळते. रेंडररच्या (चित्र कोण काढतं ते सांगणाऱ्या) ओळीत एल-एल-व्ही-एम-पाइप असा शब्द आला तर कार्ड वापरलंच जात नाही, सगळं चित्र प्रोसेसर काढतो आहे.

शाळांमध्ये, ग्रंथालयांमध्ये आणि घरोघरी जे संगणक सापडतात, त्यांच्यापुरता हा हिशेब ध्यानात ठेवा. हा विंडोजचा हिशेब आहे. लिनक्सवर त्याच चिपला बऱ्याचदा वरची आवृत्ती मिळते.

इंटेल ९४५ चा बोर्ड असेल तर त्यात जीएमए ९५० ही चिप असते. ती ओपनजीएल १.४ वर थांबते. नवं स्टेलेरियम तिच्यावर चालणार नाही.

जी४१ चा बोर्ड अजून खूप ठिकाणी जिवंत आहे. त्यातली जीएमए एक्स४५०० ओपनजीएल २.१ पर्यंतच जाते, पण तिचं डायरेक्टएक्स १० पर्यंतचं आहे. ही विषमता लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत तिचाच फायदा घ्यायचा आहे. २०१० च्या पहिल्या पिढीच्या कोअर आय३, आय५ मधलं इंटेल एचडी ग्राफिक्सही याच गटातलं.

२०११ चं एचडी २००० आणि ३००० ओपनजीएल ३.१ देतं. काठावर पास. २०१२ चं एचडी २५०० आणि ४००० देतं ४.०. त्यानंतरच्या इंटेल चिपवर स्टेलेरियम चाललं नाही तर दोष ड्रायव्हरमध्ये शोधा, चिपमध्ये नाही.

एनव्हिडियाची २००६ नंतरची, म्हणजे जीफोर्स ८ मालिकेपासूनची कार्डं किमान ३.३ देतात.

मॅक असेल तर ॲपलनं ओपनजीएल ४.१ वर थांबवलं आणि २०१८ पासून ते जुनं ठरवलं आहे. तरी स्टेलेरियम चालतं. मॅकवर ड्रायव्हर वेगळा बसवायचा नसतो, त्यामुळे तुम्ही तिसरी पायरी सोडून द्या.

३. ड्रायव्हर बसवा, आणि बसला का ते खरोखर तपासा

लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून, तुमच्या नेमक्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या. डेस्कटॉप असेल तर इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" असं म्हणणारी सॉफ्टवेअर्स टाळा. त्यांच्याबरोबर नको त्या गोष्टी संगणकात शिरतात.

एचडी २००० आणि ३००० असलेल्या संगणकांसाठी इंटेलचा विंडोज १० चा अधिकृत ड्रायव्हर नाही. पण विंडोज अपडेट चालवलं की त्यातून चालणारा ड्रायव्हर मिळतो. त्यासाठी संगणक अर्धा-पाऊण तास इंटरनेटला जोडलेला हवा. आमच्या कक्षातले संगणक कधीच इंटरनेटला जोडलेले नसायचे, म्हणून त्यांना तो मिळालाच नव्हता. मी घरच्या मोबाइलचं हॉटस्पॉट देऊन एकेक करून अपडेट केले.

एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांना नवे ड्रायव्हर मिळत नाहीत. जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी ४७० च्या मालिकेपाशी थांबावं लागतं. जीफोर्स २१० साठी ३४० च्या. सर्वांत नवा ड्रायव्हर जबरदस्तीनं टाकायला गेलात तर "सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही" असा संदेश येईल. तो वाचून कार्ड बिघडलं असं समजू नका. मालिका बदला.

ड्रायव्हर टाकल्यावर संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. मग डिव्हाइस मॅनेजरमधलं नाव बदललं का ते बघा. नाव अजून "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असंच असेल तर ड्रायव्हर बसलेला नाही, मग इन्स्टॉलर काहीही म्हणो.

४. स्टेलेरियमला योग्य दारातून आत न्या

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात, आणि इथलीच युक्ती सगळ्यात जास्त संगणक वाचवते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्टेलेरियम क्यूटी नावाच्या चौकटीवर बांधलेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आवृत्ती १.० आली तेव्हा ते क्यूटी ६ वर गेलं. पण जुन्या संगणकांचा विचार करून त्याच सुमाराला क्यूटी ५ वरची आवृत्तीही तयार ठेवली गेली. डाउनलोडच्या पानावर "विंडोज ७ आणि पुढे" असं लिहिलेली जी फाइल असते, ती ही. तुमचा संगणक विंडोज १० चा असला, तरी चिप जुनी असेल तर हीच फाइल घ्या. नावात ७ आहे म्हणून ती टाकाऊ समजू नका.

का? कारण क्यूटी ५ च्या आवृत्तीत अँगल नावाची सोय आहे. अँगल ओपनजीएल ईएसमधल्या सूचना घेतं आणि त्यांचं डायरेक्टएक्समध्ये भाषांतर करून कार्डाकडे देतं. जी४१ च्या चिपचं ओपनजीएल कच्चं आहे, पण डायरेक्टएक्स बरं आहे, हे वर पाहिलंच. अँगलच्या वाटेनं गेलं की तीच चिप, तोच ड्रायव्हर, आणि समोर चक्क आकाश! आमचे दोन संगणक असे उठले. एका संगणकावर मृग नक्षत्र उमटलं तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा बघायला आली होती.

करायचं असं: स्टेलेरियम बसवल्यावर स्टार्ट मेनूमध्ये स्टेलेरियमचा फोल्डर उघडा. त्यात नुसतं "स्टेलेरियम" असतं, त्याशिवाय "अँगल मोड" आणि "मेसा मोड" असे शॉर्टकट दिसतील. आवृत्तीप्रमाणे ही यादी थोडी वेगळी असते. क्रम असा ठेवा.

आधी साधा शॉर्टकट. चाललं तर पुढे काहीच करू नका.

नाही चाललं तर अँगल मोड. चाललं तर तोच शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा आणि साधा शॉर्टकट डेस्कटॉपवरून काढून टाका. नाहीतर मुलं सवयीनं साध्यावरच क्लिक करतात आणि पुन्हा "काळं दिसून राहिलं" सुरू होतं.

तेही नाही चाललं तर मेसा मोड. यात ग्राफिक्स कार्ड बाजूला ठेवून सगळं चित्र प्रोसेसर काढतो. जुन्या दोन गाभ्यांच्या प्रोसेसरवर आकाश अडखळत सरकतं. तरीही तपासणीसाठी हा मोड फार मोलाचा आहे. मेसा मोडमध्ये चित्र बरोबर आलं आणि साध्या मोडमध्ये बिघडलं, तर दोष नक्की कार्ड किंवा ड्रायव्हरकडे आहे. दोन्हीकडे सारखंच बिघडलं, तर सेटिंग किंवा सॉफ्टवेअर तपासा.

सेटिंगवर संशय असेल तर स्टेलेरियम काढून पुन्हा बसवू नका. तुमची जुनी सेटिंग मागे तशीच राहतात, त्यामुळे चूकही तशीच राहते. त्याऐवजी विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा. चौकटीत टक्केवारीचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्केवारीचं चिन्ह असं टाइप करा. उघडलेल्या जागेत स्टेलेरियमचा फोल्डर असतो. त्यातल्या कॉन्फिग-डॉट-आयएनआय फाइलचं नाव बदला. पुढच्या वेळी स्टेलेरियम कोरी फाइल स्वतः तयार करतं.

जीएमए ९५० च्या संगणकावर यातलं काहीच नीट चालणार नाही. त्याच्यासाठी स्टेलेरियमची जुनी ०.१२ मालिका आहे. पण माझं मत विचाराल तर कार्त दु सिएल घ्या. हे नकाशाच्या धर्तीचं मोफत सॉफ्टवेअर आहे, साधं द्विमितीय चित्र काढतं आणि जुन्या संगणकावर सुखानं चालतं. लिनक्स असेल तर केस्टार्स हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअरही असंच सोशिक आहे. देखावा कमी, पण तारा कुठे उगवेल हे दोन्हीकडे बरोबर कळतं.

सेलेस्टिया या अवकाशात फिरवून आणणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल विचारणारे बरेच भेटतात. त्याच्या १.६ मालिकेत कंट्रोल आणि व्ही दाबलं की चित्र काढण्याची पद्धत बदलते. ग्रह काळे किंवा ठिपक्यांचे दिसत असतील तर सर्वांत साधी पद्धत येईपर्यंत ते दाबत राहा.

५. लॉग वाचायला शिका

स्टेलेरियम प्रत्येक वेळी सुरू होताना लॉग-डॉट-टीएक्सटी या फाइलमध्ये आपण काय पाहिलं ते लिहून ठेवतं. विंडोजमध्ये ती वर सांगितलेल्याच फोल्डरमध्ये असते. लिनक्सवर होम फोल्डरमधल्या, टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या स्टेलेरियम फोल्डरमध्ये. सॉफ्टवेअर उघडत असेल तर एफ१ दाबून मदतीच्या खिडकीतल्या लॉग या भागातही ती दिसते.

फाइल लांब असते, घाबरू नका. ओपनजीएल हा शब्द शोधा. तिथे तुम्हाला आवृत्ती, जीएल व्हेंडर, जीएल रेंडरर आणि जीएलएसएलची आवृत्ती मिळेल. रेंडररची ओळ सगळ्यात महत्त्वाची.

तिथे "जीडीआय जेनेरिक" असेल तर विंडोजचा कामचलाऊ दुभाषी काम करतो आहे. तिसरी पायरी पुन्हा करा. एल-एल-व्ही-एम-पाइप असेल तर प्रोसेसर चित्र काढतो आहे. अँगल आणि डायरेक्ट३डी (डायरेक्टएक्सचाच भाग) असं असेल तर भाषांतर सुरू आहे, ठीक. तुमच्या कार्डाचं नाव असेल तर सर्वांत छान.

आमच्या बाराव्या संगणकाचं गूढ याच ओळीनं उलगडलं. त्यात कोणीतरी कधीकाळी एनव्हिडियाचं कार्ड बसवलेलं होतं, ड्रायव्हरही होता. पण रेंडररच्या ओळीत इंटेलचं नाव! मागे वाकून पाहिलं तर मॉनिटरची केबल कार्डाला नाही, मदरबोर्डाच्या जागेला लावलेली. कार्डाच्या जागा खाली आडव्या असतात, मदरबोर्डाच्या वर उभ्या. केबल खाली लावली आणि काम झालं. झाडलोट करताना केबल निघते आणि जिथे बसेल तिथे खोचली जाते. हे तपासायला एक मिनिट पुरतं, म्हणून आधी तपासा.

६. लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतील तर

इंटेल आणि एनव्हिडिया, किंवा एएमडीचीच दोन, अशी जोडी असलेल्या लॅपटॉपवर विंडोज वीज वाचवायला बहुधा लहान कार्ड निवडतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स उघडा. ब्राउझ करून स्टेलेरियमची मुख्य फाइल यादीत घाला आणि पर्यायांमधून हाय परफॉर्मन्स निवडा. मग लॉगमधली रेंडररची ओळ पुन्हा बघा.

याच्या उलटही करून बघा. कधीकधी मोठ्या कार्डाचा ड्रायव्हर नीट नसतो आणि लहान कार्डावर सगळं सुरळीत चालतं. अंधाऱ्या आकाशासाठी पेंचच्या जंगलातल्या सिल्लारीकडे जाणार असाल तर लहान कार्डच बरं, बॅटरी जास्त पुरते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून तिकडे लॅपटॉप घेऊन जाणारे वाढले आहेत. तिथे गेल्यावर कंट्रोल आणि एन दाबून पडदा लाल करा. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जो वेळ लागलेला असतो, तो पांढऱ्या पडद्यानं क्षणात वाया जातो.

७. चालतं, पण अडखळतं

खालच्या पट्टीत एफपीएस असा आकडा दिसतो. सेकंदाला किती चित्रं काढली जातात, तो हा आकडा. वर्गात दाखवायला १० च्या वर असला तरी पुरतो, असा माझा अनुभव आहे.

आकडा त्याखाली असेल तर एकेक गोष्ट बंद करून बघा: ए दाबून वातावरण, एम दाबून आकाशगंगा, जी दाबून जमीन. ज्यानं आकडा उडी मारेल ती गोष्ट तुमच्या कार्डाला जड जाते. एफ११ दाबून खिडकी लहान करा, कारण जितके बिंदू कमी, तितकं काम कमी. वातावरणाच्या सेटिंगमध्ये शोमायस्काय हे मॉडेल निवडलेलं असेल तर ते बदलून प्रीथम घ्या. शोमायस्कायची संध्याकाळ फार सुंदर दिसते, पण त्याला ओपनजीएल ३.३ आणि दमदार कार्ड लागतं. जादा ताऱ्यांच्या याद्या डाउनलोड करायचा मोह टाळा. सीनरी थ्रीडी हे प्लगइन बंद ठेवा.

आणि नागपूरकरांसाठी खास: एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास असताना पंखा धुळीनं भरलेला संगणक तापतो आणि कार्ड आपला वेग आपोआप कमी करतं. कधी पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. सकाळी नीट चालणारं स्टेलेरियम दुपारी दोनला रखडत असेल तर ड्रायव्हर बदलत बसू नका. आधी कॅबिनेट उघडून ब्लोअरनं धूळ काढा. संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ओलसर हवेत धूळ पंख्यावर थरासारखी चिकटते.

८. आपल्या गावाच्या आकाशावर तपासणी करा

चित्र आलं म्हणजे ते बरोबर आलं असं नाही. एफ६ दाबून ठिकाण नागपूर करा: अक्षांश साधारण २१ अंश ९ मिनिटं उत्तर, रेखांश ७९ अंश ५ मिनिटं पूर्व, उंची ३१० मीटर. वेळेचा पट्टा भारताचा आहे ना ते बघा.

आता एफ५ दाबून २६ मे, दुपारी १२ वाजून १० मिनिटं अशी वेळ लावा आणि सूर्यावर क्लिक करा. त्याची उंची ९० अंशांच्या अगदी जवळ दिसली पाहिजे. आपल्याकडचा शून्य सावलीचा दिवस तो हाच. मग रात्रीची कोणतीही वेळ लावून ध्रुवताऱ्यावर क्लिक करा. त्याची उंची २१ अंशांच्या आसपास हवी, कारण ती आपल्या अक्षांशाइतकीच असते.

ही तपासणी कार्डाशी कशी जोडलेली आहे ते सांगते. आकडे प्रोसेसर मोजतो, चित्र कार्ड काढतं. आकडे बरोबर आणि चित्र चुकीचं, म्हणजे सूर्य ९० अंशांवर असूनही आकाश काळं, तारे चौकोनी, नावांच्या जागी ठोकळे असं असेल तर दोष ग्राफिक्सचा. आकडेच चुकीचे असतील तर ठिकाण किंवा वेळ चुकली आहे, कार्डाला हात लावू नका.

९. कार्ड घ्यायचंच असेल तर

सगळं करूनही मेसा मोडशिवाय चालत नसेल आणि तो संगणक रोज वर्गात लागणार असेल, तरच खरेदीचा विचार करा. स्टेलेरियमला खेळांसाठीचं महाग कार्ड मुळीच लागत नाही. जीटी ७१० ची वीज साधारण १९ वॅट, जीटी १०३० ची ३० वॅट. दोन्ही मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतात, वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे जुना पॉवर सप्लाय चालतो. जीटी ७१० ला बहुधा व्हीजीए जोडणी मिळते, आणि शाळांतले जुने प्रोजेक्टर व्हीजीएचेच असतात. पडद्यामागे कोणती जोडणी आहे ते बघूनच दुकानात जा.

कॅबिनेट सडपातळ असेल तर लो प्रोफाइल पट्टी सोबत मागा, नाहीतर कार्ड आत बसणार नाही. जीफोर्स २१० स्वस्तात मिळतं, पण ते २००९ चं आहे आणि ३.३ वर थांबतं. जुनं कार्ड घेताना जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर चालवा. जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवून विकलेली बनावट एनव्हिडिया कार्डं ते ओळखतं. शक्य असेल तर संगणकच दुकानात न्या, कार्ड लावून घ्या, स्टेलेरियम उघडून लॉगमधली रेंडररची ओळ बघा आणि मगच पैसे द्या.

१०. तरीही बिघाड असेल तर स्वयंसेवकांना नीट कळवा

स्टेलेरियम लिहिणाऱ्यांकडे जगातलं प्रत्येक कार्ड नाही. तुमच्या टेबलावरची चिप त्यांनी कदाचित कधी पाहिलीही नसेल. म्हणून तुमची तक्रार ही त्यांच्यासाठी खरी मदत आहे, पण ती वापरता येईल अशी हवी.

गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर स्टेलेरियमच्या इश्यूज (तक्रारी) विभागात आधी तुमच्या कार्डाचं नाव टाकून शोधा. उत्तर बऱ्याचदा आधीच दिलेलं असतं. नसेल तर नवी नोंद करा. तीत हे द्या: विंडोज किंवा लिनक्सची आवृत्ती, स्टेलेरियमची आवृत्ती, कार्डाचं आणि ड्रायव्हरचं नाव व क्रमांक, बिघाड दिसेपर्यंत तुम्ही काय काय केलं ते क्रमानं, पडद्याचं चित्र, आणि पूर्ण लॉग. अँगल आणि मेसा मोडमध्ये काय झालं तेही लिहा, त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. इंग्रजी साधं, तुटक असलं तरी चालतं. एका नोंदीत एकच बिघाड लिहा.

लॉग चढवण्याआधी एकदा वाचा. त्यातल्या फोल्डरच्या पत्त्यांमध्ये संगणक वापरणाऱ्याचं नाव येतं. शाळेच्या संगणकावर ते एखाद्या विद्यार्थ्याचंही असू शकतं. ते पुसून तिथे दुसरा कोणताही शब्द घाला.

उत्तर यायला दिवस लागतात, कारण ही माणसं आपली नोकरी सांभाळून हे करतात. उत्तरात एखादी चाचणी आवृत्ती बसवून बघायला सांगितलं तर त्याच संगणकावर, ड्रायव्हर न बदलता बसवा आणि काय झालं ते दोन ओळींत लिहा. चित्र बरोबर आलं तर तेही लिहा, नव्या लॉगसकट. पुढच्या वेळी तीच चिप असलेला माणूस शोधत येईल, तेव्हा त्याला तुमची नोंद सापडेल.